ट्रंकेतली मोडी आणि संगणकातली मराठी

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिरनवाडी मागे पडली की मच्छे गाव लागते. एका अंगाला भाताची शेते, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांची रांग आणि पलीकडे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे ‘ज्ञानसंगम’ हे आवार, असे या गावाचे रूप आहे. १९९८ साली हे विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला जोडली गेली. त्यामुळे संगणक हा शब्द आमच्या गावाला नवा उरला नाही. नवे होते ते यंत्र आमच्यासारख्यांच्या हाती येणे.

सन २००६ च्या सुमारास एका स्नेह्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सायंकाळी आम्ही दहा-बारा जण जमू लागलो. या जमण्याला नाव नव्हते, नोंदणी नव्हती, पावतीपुस्तकही नव्हते. दोन संगणक होते, त्यांतला एक बहुधा दुरुस्तीला उघडलेला असे. मंडळींत एक निवृत्त शिक्षक होते, कारखान्यातील एक टर्नर होते, शिवणकामाचा व्यवसाय करणाऱ्या एक भगिनी होत्या, अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी होते आणि त्या वेळी शासकीय सेवेत असलेले आम्ही होतो. शिकवणारा एक आणि शिकणारे बाकीचे अशी विभागणी तेथे कधी झाली नाही. ज्याला जे अडले ते त्याने मांडायचे आणि ज्याला जे सापडले ते त्याने दाखवायचे, एवढाच नियम होता.

त्या खोलीत आम्ही काय शिकलो, त्यामागे मराठी लिपीचा केवढा मोठा प्रवास उभा होता आणि आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या या भागात स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांशी त्याचा काय संबंध आहे, याचा थोडा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मंडळे आणि यंत्रे

एकत्र जमून यंत्र समजून घेण्याची रीत आमच्या मंडळाने शोधून काढलेली नाही. घरगुती संगणकाचा इतिहासच मुळी अशा एका मंडळापासून सुरू होतो, असे म्हणता येईल. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये काही हौशी माणसे जमली. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या नावाने ते मंडळ पुढे प्रसिद्ध झाले. ‘अल्टेअर’ नावाचे सुट्या भागांतून जोडून घ्यावयाचे यंत्र त्या सुमारास बाजारात आले होते आणि ते आपापल्या गरजेप्रमाणे कसे वापरता येईल, हा त्या मंडळींपुढचा प्रश्न होता. पहिल्याच बैठकीला हजर असलेल्या स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी पुढे ‘अॅपल’चा पहिला संगणक तयार केला. विकत आणलेली वस्तू जशी आली तशी न वापरता ती उघडावी, समजून घ्यावी, आपल्या हाताला लावून घ्यावी आणि जे कळले ते शेजाऱ्याला सांगावे, हे त्या मंडळाचे मर्म होते.

बेळगावला हे मर्म परके नाही. गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक होते. त्यांनी आपले बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून मोजला जातो तो याच दुकानामुळे. हे बंधू सायकली विकत, दुरुस्त करीत आणि घेणाऱ्याला त्या चालवावयासही शिकवीत. यंत्र विकणारा माणूस ते शिकवितोही, हा पायंडा या शहरात असा फार जुना आहे. पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर निघाले. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले आणि त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. याच मासिकाने काही काळ ‘अ’ची बाराखडी वापरून, म्हणजे इ, ई, उ यांऐवजी ‘अ’ला वेलांट्या व उकार देऊन, मजकूर छापला. त्या खटपटीमागे सावरकरांच्या लिपिसुधारणेचा आग्रह होता आणि छापखान्याची सोयही होती. यंत्राने लिपीला वाकवावे की लिपीने यंत्राला, हा प्रश्न तेव्हाच आपल्या पुढ्यात येऊन ठेपला होता.

खिळ्यांपासून कळांपर्यंत

देवनागरी ही यंत्राला अवघड लिपी आहे. इंग्रजीची सव्वीस अक्षरे ओळीत एकापुढे एक बसतात. आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार, पुढे काना, मागे वेलांटी, डोक्यावर रफार आणि पोटात जोडाक्षर असते. १८०५ साली विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे छापले गेले ते देवनागरी खिळ्यांनी, आणि १८१० साली त्यांचाच मराठी कोश निघाला तो मोडी खिळ्यांनी. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथील खिळ्यांचे वळण मराठी वाचकाच्या डोळ्यांत कायमचे बसले. मात्र या खिळ्यांची संख्या शेकड्यांत जात असे. जुळाऱ्यापुढे मोठमोठी खणांची पेटी असे आणि कोणता तुकडा कोणत्या खणात आहे, हे त्याच्या हाताला पाठ असे.

टंकलेखन यंत्रात हे शेकडो तुकडे चाळीस-पंचेचाळीस कळांवर कोंबावे लागले. आमच्या पिढीतील अनेकांनी ती यंत्रे कचेऱ्यांतून पाहिली आहेत. रेमिंग्टनच्या मांडणीवर बोटे बसविण्यासाठी लोक संस्थांतून वर्षभर शिकत. अर्धा ‘क’ वेगळा, काना वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावयाची. उच्चारात ‘कि’मधील ‘क’ आधी येतो, कागदावर वेलांटी आधी दिसते, आणि यंत्राला फक्त दिसणे समजत होते. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे तोच आमच्या घरात संकट होऊन आला.

संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे महत्त्वाचे काम कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झाले. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाल्यावर ते तेथे आले आणि ‘जिस्ट’ या नावाने वाढले. संगणकाच्या पोटात एक जादा पत्रा बसविला की पडद्यावर देवनागरी, कन्नड, तेलुगू, बंगाली अशा लिप्या उमटत. या कामाचा पाया एका सुंदर जाणिवेवर होता. ब्राह्मीपासून निघालेल्या या सर्व लिप्यांची वर्णमाला एकच आहे, क-ख-ग-घचा क्रम एकच आहे, वेगळे आहे ते फक्त वळण. म्हणून सर्वांना मिळून एकच संकेतावली करता येते आणि एकच कळफलक देता येतो. त्या संकेतावलीला ‘इस्की’ म्हणतात व तिचे भारतीय मानक १९९१ साली ठरले. त्या कळफलकाला ‘इन्स्क्रिप्ट’ म्हणतात. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात.

तथापि बाजाराने हा मार्ग धरला नाही. विंडोज आली, घरोघरी छपाईपूर्व मजकूरजुळणीची दुकाने निघाली आणि प्रत्येक कंपनीने आपापले टंक, म्हणजे फाँट, तयार केले. श्रीलिपी, आकृती अशी नावे त्या काळात छपाईशी संबंध आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी होती. या टंकांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. लग्नपत्रिकेपासून दैनिकापर्यंत सारे त्यांवर चालले. परंतु त्यांची युक्ती अशी होती की संगणकाला मराठी कळतच नव्हती. संगणक इंग्रजी अक्षर साठवीत असे आणि टंक त्या जागी मराठीचा तुकडा दाखवीत असे. कोणत्या जागी कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीचे स्वतंत्र. टंक काढून घेतला की खाली उरत असे तो इंग्रजी चिन्हांचा निरर्थक पसारा.

यावर उपाय ‘युनिकोड’ने दिला. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक द्यावा, या कल्पनेचा पहिला ग्रंथ १९९१ साली निघाला आणि त्यात देवनागरीला १२८ जागांचा विभाग मिळाला. त्याची मांडणी इस्कीवरूनच घेतली होती. २००० साली आलेल्या विंडोजमध्ये देवनागरी प्रथमच अंगभूत आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडविला होता. अक्षराचे सौंदर्य आणि यंत्राचे गणित या दोन्हींचा अभ्यास केलेला हा कलावंत २००८ साली निवर्तला. आज मराठीत संदेश पाठविणाऱ्या बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक नाही, याची खंत वाटते.

खोलीतील धडे

हा सारा इतिहास आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हता. आमच्यापुढे प्रश्न साधे होते. निवृत्त गुरुजींना उंदीर, म्हणजे माउस, दोनदा पटकन दाबता येत नसे. त्यांचा पहिला आणि दुसरा दाब यांत एवढे अंतर पडे की यंत्र त्यांना दोन वेगळी कामे समजे. तीन रविवार गुरुजी खजील होऊन बसले. चौथ्या रविवारी एका विद्यार्थ्याने नियंत्रण फलक उघडून दाबण्याचा वेग मंद करण्याची पट्टी दाखविली. पट्टी डावीकडे सरकवली आणि गुरुजींच्या बोटाला यंत्र ओळखू लागले. “म्हणजे चूक माझी नव्हती तर!” असे ते उद्गारले. या एका वाक्यात त्या मंडळाचे सारे प्रयोजन आले, असे आम्हांस आजही वाटते.

टर्नर गृहस्थ डावखुरे होते. उंदराच्या दोन्ही कळांची अदलाबदल करता येते, हे त्यांनी स्वतःच शोधून काढले. त्यात त्यांना नवल वाटले नाही. “लेथवर बसलो की आधी सेटिंग करतोय की ओ साहेब. मशीन आपल्या हाताला लावून घ्यायचं असतंय. हे काय वेगळं?” असे ते म्हणाले. उद्यमबागेतील आणि मच्छे वसाहतीतील कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला जे उघड होते, ते फायलींत आयुष्य घालविलेल्या आम्हांस मात्र नवे होते. यंत्राने सांगितलेले मुकाट्याने मानावे, अशीच कचेरीची शिकवण होती.

मराठीचा धडा मात्र सर्वांत लांबला. त्या वेळच्या विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण झोपलेली होती. नियंत्रण फलकात प्रदेश व भाषा यांचे दालन उघडावे, तेथे गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या चौकटीत खूण करावी, मग यंत्र मूळ तबकडी मागे. ती बहुतेकांकडे नसे, म्हणून एकच तबकडी घरोघरी फिरे. त्यानंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावयाचा आणि मराठी कळफलक जोडून घ्यावयाचा. मग खालच्या पट्टीवर ‘ईएन’च्या जागी ‘एमआर’ ही दोन अक्षरे उमटत. डावीकडील ऑल्ट व शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदले. ज्या दिवशी पडद्यावर पहिल्यांदा मराठी शब्द उमटला, त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी लागलीच आपल्या हिशेबाच्या तक्त्यात ‘परकर’, ‘झबले’, ‘अस्तर’ असे शब्द टंकले. तोवर त्या वस्तू इंग्रजी अक्षरांत लिहीत आणि महिन्याने स्वतःलाच वाचता येत नसे.

आमची अडचण निराळी होती. कर्नाटक शासनाच्या सेवेत कन्नड संगणकलेखन आम्ही ‘नुडी’ या प्रणालीवर शिकलो होतो. कन्नड गणक परिषदेने तयार केलेल्या या प्रणालीचा कळफलक के. पी. राव यांच्या मांडणीवर आधारलेला आहे आणि तो इंग्रजी उच्चाराला धरून चालतो. ‘एम’ दाबला की त्यात ‘म’ येतो. इन्स्क्रिप्टमध्ये ‘एम’वर ‘स’ आहे आणि ‘म’ आहे ‘सी’वर. परिणामी ‘मराठी’ लिहावयास घेतले की आमच्या बोटांतून पहिले अक्षर ‘स’ उमटे. शेषाद्रिवासु चंद्रशेखरन यांनी १९९८ साली कन्नडसाठी सुरू केलेली ‘बरह’ ही प्रणाली पुढे देवनागरीसाठीही उपलब्ध झाली होती. काही काळ आम्ही तिचाच आधार घेतला. मंडळातील तरुण रोमन लिपीतून लिहावे या मताचे, गुरुजी इन्स्क्रिप्टच्या बाजूचे. वाद रंगत. शेवटी असे ठरले की बोटे ज्याची त्याची, साठवण मात्र सर्वांची युनिकोडमध्येच असावी.

पण इन्स्क्रिप्ट हळूहळू हाताशी आला तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली आणि ती आमच्या सीमाभागाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. कळफलक मराठीवरून कन्नडवर नेला, तरी बोटांना काहीच बदलावे लागत नाही. ज्या कळीवर मराठी ‘क’ त्याच कळीवर कन्नड ‘क’. ‘एन’वर ‘ल’ आणि शिफ्टसह ‘एन’वर ‘ळ’, दोन्ही भाषांत तसेच. युनिकोडच्या क्रमांकांतही हेच दिसते. देवनागरी विभागाच्या आरंभापासून मोजत गेले असता ‘क’ ज्या स्थानी आहे, कन्नड विभागाच्या आरंभापासून मोजले असता कन्नड ‘क’ नेमका त्याच स्थानी आहे. आणि प्रमाण हिंदीत ज्याला स्थान नाही तो ‘ळ’ या दोन्ही भाषांनी सारखाच जपला आहे. सेवेत कन्नड आणि घरात मराठी असे आयुष्य आमच्यासारख्या हजारोंनी काढले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, त्यानंतरचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे आणि त्याची वेदना येथे नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु त्या कळफलकापुढे बसलेले असताना, दोन भाषांचे वैर माणसांनी केले, वर्णमालेने नव्हे, असे वाटल्यावाचून राहिले नाही.

मराठीचे काही हट्ट यंत्राला उशिरा कळले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधील खोल भाग, हा भेद दाखविणारा आपला चंद्रकोरीसारखा ‘र’ कसा काढावा, यावर आमचे दोन रविवार गेले. शिफ्टसह ‘जे’ दाबून नुक्त्याचा ‘ऱ’ आणावा, मग हलन्त, मग ‘य’, हे सापडले तेव्हा गुरुजींनी सर्वांना चहा पाजला. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीपेक्षा निराळी आहेत. काही टंकांत मजकुराची भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदविली तरच ती उमटतात. एवढीशी नोंद न केल्याने आपल्याच पत्रिकांत परकी वळणे येतात आणि नव्या पिढीला तीच आपली वाटू लागतात.

वडिलांची वही

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. आमच्या वडिलांनी १९९८ साली घराण्याच्या आठवणी सांगितल्या व त्या आम्ही लिहून घेतल्या. कोणत्या पिढीत कोण कोठून या भागात आले, वतन कसे होते, प्लेगच्या साथीत घर सोडून माळावर झोपड्या घालून कोण राहिले, स्वातंत्र्याच्या वर्षी गावात काय घडले, असा तो चौऱ्याहत्तर पानांचा मजकूर होता. तो शहरातील एका दुकानात टंकून घेतला, एक प्रत छापून नातलगांत फिरविली आणि मूळ मजकूर फ्लॉपीवर ठेवला. संगणकात आहे म्हणजे सुरक्षित आहे, या समजुतीने हस्तलिखिताची आम्ही फारशी निगा राखली नाही आणि एका पावसाळ्यात ते कसरीने व ओलीने गेले. फिरविलेली प्रत कोणाच्या घरी राहिली, ते कळले नाही. वडील २००३ साली गेले.

सन २००९ मध्ये ती फ्लॉपी आम्ही मंडळात नेली. उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, उद्गारचिन्हे आणि स्वरचिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे यांचा गच्च भरलेला पसारा दिसला. दुकान बंद झाले होते, टंकाचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते. चौऱ्याहत्तर पानांत आमचे पणजोबा, आजोबा व वडील होते आणि त्यांतील एक अक्षरही वाचता येत नव्हते.

मंडळाने ते काम अंगावर घेतले. तो टंक कोणता असावा, हे एका जुन्या लग्नपत्रिकेच्या फाइलवरून विद्यार्थ्यांनी ताडले. मग कोणत्या चिन्हाखाली कोणता तुकडा दडला आहे, याचा तक्ता केला. ‘शोधा व बदला’ ही सोय वापरून एकेक चिन्ह बदलत गेलो. तुकडे बदलले, तरी मराठी होईना. याचे कारण तीच टंकलेखन यंत्राची वेलांटी. जुन्या टंकात ती अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडला हवी अक्षरानंतर. रफाराचे याच्या उलट. तो अक्षरावर दिसतो म्हणून जुन्या टंकात नंतर साठवलेला, आणि उच्चारात तो आधी येतो म्हणून युनिकोडला आधी हवा. गुरुजींनी व्याकरण सांगावे, विद्यार्थ्यांनी त्याचा नियम करून संगणकाला द्यावा, भगिनींनी मोठ्याने वाचून अडखळलेली जागा दाखवावी, असे सात रविवार चालले. आठव्या रविवारी वडिलांचे वाक्य पडद्यावर सलग वाचता आले. आम्हांस त्या वेळी बोलता आले नाही. टर्नर गृहस्थांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

एकाहत्तर पाने हाती आली. फ्लॉपीचा एक भाग खराब झाल्याने तीन पाने कायमची गेली. त्या तीन पानांत काय होते, हे आम्हांस पुरते आठवत नाही. प्लेगच्या काळातील आत्याआजींची हकिगत बहुधा त्यांत होती, कारण उरलेल्या मजकुरात ती नाही. ज्यांना विचारता आले असते, ते सारे गेले.

पुन्हा ट्रंकेकडे

घरी परत आलो तेव्हा माळ्यावरील ट्रंकेची आठवण झाली. तीत आजोबांच्या वेळचे मोडी कागद आहेत. आजोबा ते सहज वाचीत. वडिलांना बाळबोध शिकविली गेली. मोडी त्यांनी पाहिली होती, वाचू शकत नव्हते. आम्ही तर ते कागद केवळ पूजेच्या वस्तूप्रमाणे जपले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी उठली आणि एका पिढीच्या अंतरात घराघरांतील दप्तरे मुकी झाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून अशीच दप्तरे उजेडात आणली. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध होऊ लागली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. परंतु प्रत्येक घराच्या ट्रंकेपर्यंत राजवाडे कसे पोचणार?

मोडी वाचेनाशी व्हायला एक पिढी तरी लागली होती. आमची फ्लॉपी मुकी व्हायला अकरा वर्षे पुरली. आणि आमची एकट्याची ही कथा नव्हे. साधारण १९९० ते २००५ या काळात टंकलेली कुलवृत्ते, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, नाटकांच्या संहिता, भजनी मंडळांचे संग्रह, असे कितीतरी लेखन त्या जुन्या टंकांत अडकलेले आहे. छापील प्रत उरली असेल तेथे ते वाचेल, नसेल तेथे ते मोडीच्या वाटेने जाईल.

एक समाधानाची गोष्टही सांगितली पाहिजे. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला स्वतःचा विभाग मिळाला. छापखान्याने जिला टाकले आणि शाळेने जिला विसरले, तिला संगणकाने पुन्हा जागा दिली. आता मोडी टंक मिळतात, ते संगणकात बसविता येतात आणि मोडी शिकू इच्छिणाऱ्याला अक्षरे शेजारी ठेवून कागद लावता येतो. आमचे मंडळ पूर्वीसारखे दर रविवारी भरत नाही. एक्सपीचा निर्मात्याकडून मिळणारा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, विद्यार्थी नोकरीनिमित्त बंगळूर-पुण्याला गेले, गुरुजी आता नाहीत. तरी उरलेले चौघे-पाच जण महिन्यातून एकदा बसतो आणि सध्या ट्रंकेतील एकेक कागद वाचावयास घेतला आहे. आजवर तीन लागले. त्यांतला एक केवळ भाताच्या खंडाचा हिशेब निघाला, पण त्यावर पणजोबांची निशाणी आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. त्या आनंदात आपण सारे सहभागी झालो. दर्जा भाषेला मिळाला, घरातील कागदांची निगा मात्र घरच्यांनीच राखावयाची आहे. म्हणून या पत्रिकेच्या वाचक-कुटुंबांना विनंती आहे. आपल्याकडे जुन्या फ्लॉपी वा तबकड्या असतील तर त्या या वर्षीच उघडून पाहाव्यात. मजकूर वाचता येत नसेल तर टाकून देऊ नये, त्याच काळातील एखादा छापील नमुना सोबत ठेवावा, कारण टंक ओळखण्यास तोच उपयोगी पडतो. नव्याने लिहाल ते युनिकोडमध्येच लिहावे आणि एक प्रत कागदावर अवश्य काढावी. कागदाची आम्ही हेळसांड केली, त्याची किंमत तीन पाने पडली.

गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याची मुलगी घरी आली होती. ती कन्नड माध्यमात शिकते. तिने आमच्या भ्रमणध्वनीवरील मराठी कळफलक बघितला, आपल्यावरील कन्नड कळफलकाशेजारी तो धरला आणि म्हणाली, “आजोबा, क तर एकाच जागी आहे की!” मग तिने आमच्या भ्रमणध्वनीतील अक्षरे मोठी करून दिली, न विचारता. आम्ही तिला ‘ऱ्या’ कसा काढायचा ते दाखविले.